तळाची ओळ

“तुम्ही माझ्या मेलेल्या बायकोचं तोंड बंद केलंत, आणि वर मला आभाराचं पत्र पाठवलंत.”

शुलामित थांबली. तिनं कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. एखादा शब्द चुकीचा वाचला असेल असं तिला वाटलं. चुकला नव्हता.

“कोण रे हा? अक्षर बघ कसलं. छापल्यासारखं.”

“पुढे वाच, इमा,” तिचा मुलगा यारोन हिब्रूत म्हणाला. त्यानं वहीत पहिलं वाक्य हिब्रूत उतरवून घेतलं, आणि ‘तोंड’ खोडून तिथं ‘आवाज’ लिहिलं. ऑफिसात तोंड बरं दिसलं नसतं.

शुक्रवारची सकाळ होती. इस्राएलमधल्या लोदच्या त्या दोन खोल्यांच्या घरात शब्बाथचा स्वयंपाक अर्धा झाला होता. ओट्यावर मासे हळद-मीठ लावून ठेवले होते, गॅसवर नारळाच्या दुधात चिकन रटरटत होतं, आणि शुलामितचे हात पिवळे होते म्हणून ती पत्र दोन बोटांच्या टोकांनी धरून वाचत होती. यारोन सदतिसाव्या वर्षीही आईच्या स्वयंपाकघरात आला की स्टुलावरच बसायचा. मराठी त्याला कानानं येत होती. आईच्या शिव्या, आत्याच्या चहाड्या, देवाजवळची पुटपुट, सगळं कळायचं. अक्षर मात्र एक येत नव्हतं. ही गोष्ट आईला ठाऊक होती. ऑफिसात कुणालाही ठाऊक नव्हती.

ऑफिसात तो एकच हिंदी, भारतातून आलेल्या घरातला. काल त्याचा वरिष्ठ आमोस हे पाकीट त्याच्या टेबलावर टाकून गेला होता. “तुमच्या लोकांचं आहे. रविवारपर्यंत हिब्रूत दे.”

शुलामित पुढे वाचू लागली.

“मी बेझालेल वाक्रुळकर, वय शहात्तर, राहणार मित्स्पे रामोन. मुंबईत फोर्टात वकिलाच्या ऑफिसात सतरा वर्षं मराठी टायपिस्ट होतो, इथं आल्यावर मातीच्या खाणीत. मागल्या उन्हाळ्यात माझी बायको व्हायोलेट आजारी होती. ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. आमच्या गावच्या समाजकेंद्रातल्या कॉम्प्युटरवर, तुमच्या साइटवर. एकसष्ट पानं झाली. केंद्रातली बाई म्हणाली, इथं ठेवा, इथून कुठं जात नाहीत. नोव्हेंबरात व्हायोलेट वारली. या महिन्यात पान छापून काढायला गेलो तर पान नाही. एकसुद्धा नाही.”

“बिचारा,” शुलामित म्हणाली. तिनं कागद उलटला. “ऐक. ‘फेब्रुवारीत मी तुम्हाला कळवलं होतं की माझ्या पानांच्या तळाला कोणीतरी एक घाण ओळ घातली आहे. तुमचं उत्तर आलं. केंद्रातल्या बाईनं वाचून दाखवलं. आपल्या प्रेमळ शब्दांबद्दल ऑफिस आपलं आभारी आहे. माझ्या पत्रात प्रेमळ शब्द एकही नव्हता. उत्तराखाली नाव नाही, नुसता शिक्का. मी विचारतो, माझं पत्र कोणी वाचलं? माझी पानं कोणी पुसली?’”

यारोन उठला. रटरटणाऱ्या पातेल्याखालचा गॅस त्यानं बंद केला.

“अरे, शिजायचंय ते.”

त्यानं गॅस पुन्हा लावला. लावताना दोन काड्या मोडल्या.

“पण मग ते पहिलं पत्र वाचलं कोणी?” शुलामितनं चष्म्यावरून बघितलं. “तुमच्या तिथं मराठी येते कोणाला?”

“लो योदेआ. माहीत नाही.”

“तू तर आहेस.”

“इमा, बास.”

तिनं कागदाची घडी आहे तशी घातली, त्याच्या वहीवर ठेवली आणि मासे पाण्याखाली धरले. नंतर पाठमोरी राहूनच म्हणाली, “मी तुला शिकवत होते, तेव्हा टेबलाखाली लपायचास. दुसरीत होतास. म्हणायचास, हे वाचलं की शाळेत हसतात.”

पत्रावर हळदीचा एक ठसा उमटला होता. यारोन तो पुसायला गेला तसा जास्तच पसरला.

मे महिन्यात काय झालं ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणजे जेवढं अहवालात होतं तेवढं. चाळीसेक गावांतल्या केंद्रांच्या साइट त्या ऑफिसच्या एका सर्व्हरवर होत्या. पोहण्याचे वर्ग, बुद्धिबळ, पेन्शनरांच्या सहली. एक दिवस एका आईचा फोन आला, की मुलाच्या बुद्धिबळाचं वेळापत्रक उघडलं तर जुगाराचं पान येतंय. मग दुसरा फोन, मग रोज दहा. कोणीतरी बाहेरून शिरलं होतं आणि पानापानाच्या तळाला एक ओळ चिकटवून गेलं होतं. ओळ वाचणाऱ्याला दिसत नसे. कॉम्प्युटर ती गुपचूप वाचायचा आणि माणसाला मानगूट धरून भलत्या दारात नेऊन सोडायचा.

यारोननं तीन दिवस त्या ओळीचा पिच्छा पुरवला. चोर शिरला ती वाट सापडली फोटोंच्या फोल्डरात. सहलीचा फोटो म्हणून ठेवलेली एक फाइल, पण आत फोटोच नाही, मागचं दार उघडं ठेवणारा प्रोग्रॅम. ते दार त्यानं लावलं, पासवर्ड बदलले आणि मग केरसुणी हातात घेतली. फाइल उघडायची, ओळ सापडली की तेवढी ओळ कापायची, बाकी पानाला धक्का लावायचा नाही. हिब्रू पानं अशी साफ झाली. अरबी झाली, इंग्रजी झाली, रशियन झाली. रशियन त्याला ओ की ठो कळत नव्हती, पण ती रशियन आहे एवढं कळत होतं, म्हणून तिथंही त्यानं ओळच कापली.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकसष्ट फाइलींचा एक फोल्डर समोर आला. ओळ त्यांतही होती. पण ओळीच्या वर जे होतं ते बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. मध्येच कंस, टिंबं, आकडे, कुठल्याही शब्दाला शेंडा ना बुडखा. लपवलेला विषारी प्रोग्रॅम असाच दिसतो, कोणी वाचू नये म्हणून मुद्दाम असा कालवलेला असतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेलं, तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं, की तेही असंच दिसतं. ‘आई’ लिहिलेलं असलं तरी चिवडाच. हे यारोनला आता माहीत आहे.

पुसण्याआधी प्रत बाजूला काढून ठेवायची, असा नियम होता. डिस्क काठोकाठ भरली होती. लहान साइटच्या रोजच्या प्रती घेणं वरच्या लोकांनी हिवाळ्यातच बंद केलं होतं. गरज नाही, असं एका ओळीचं पत्रक आलं होतं. आमोस दारात उभा राहून मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होता, साहेबांना दोन वाजता ‘साफ’ हा शब्द हवा होता. फोल्डरला नाव होतं. व्हायोलेट. यारोनचं बोट कळेवर थांबलं, कारण त्याच्या आत्याचं नावही तेच. एवढाच वेळ थांबलं, घोट गिळायला लागतो तेवढा. मग त्यानं दाबलं.

अहवालात त्यानंच लिहिलं होतं, ‘मजकुराचं नुकसान: शून्य.’

त्या ऑफिसला चार भाषा येतात, आणि पाचवी समोर आली की ऑफिस तिला कचरा म्हणतं. हे खरंच आहे, आणि कोणीतरी ते त्या ऑफिसच्या तोंडावर म्हणायला हवं. पण ऑफिसला बोटं नसतात. बोट यारोनचं होतं, आणि ज्या भाषेचा त्यानं कचरा केला ती त्याच्या घरात रोज मासे धुताना बोलली जात होती.

तरी हे झालं निम्मं. उरलेलं निम्मं त्याच्या ऑफिसातल्या टेबलाच्या खालच्या खणात होतं.

फेब्रुवारीत आमोस असंच एक पाकीट घेऊन आला होता. फोडून, पहिला कागद बाहेर काढून. अवतीभवती चार जण कॉफी पीत होते. “यारोन, हे काय आहे? तुझ्या आजीनं लिहिलंय वाटतं.” सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, ते कोणालाही असंच हसत. यारोननं कागद हातात घेतला. डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले, वाचणारा माणूस फिरवतो तसे. मला वाचता येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर तो त्यांच्यात हिंदीही राहिला नसता आणि दुसरा कोणीही झाला नसता.

“म्हातारा आहे कोणी,” तो म्हणाला. “आभार मानतोय. साइट छान आहे म्हणतो.”

“मग आपणही मानू,” आमोस म्हणाला, आणि सेक्रेटरीला सांगून गेला.

रविवारी यारोननं तो खण उघडला. पाकीट होतं तिथंच होतं, नव्या वायरींच्या गुंडाळीखाली. आत दोन कागद. पहिला त्यानं तेव्हा हातात धरलेला. दुसरा घडीतच होता. त्यानं तो पहिल्यांदा उलगडला.

वरचा मजकूर मराठीत होता आणि त्याला त्याच्याशी काही करता आलं नाही. पण खाली, चौकट आखून, त्या म्हाताऱ्यानं इंग्रजी अक्षरांत एक ओळ उतरवली होती. निळ्या शाईनं, प्रत्येक कंस, प्रत्येक टिंब, प्रत्येक तिरकी रेघ जिथल्या तिथं. ओळ लांब होती, तीन वेळा खाली आली होती, आणि प्रत्येक वेळी कडेला बारीक बाण काढला होता, की ही पुढची ओळ नाही, तीच आहे.

यारोनला तिच्यातलं अक्षर न् अक्षर वाचता आलं. मे महिन्यात तीन दिवस तो जिच्या मागे धावला ती हीच होती. बाकी सगळ्या पानांवर ती मे महिन्यापर्यंत नुसती लपून बसली होती. त्या मराठी पानांवर मात्र ती चालली नाही, नुसती उघडी पडली, आणि चाळीस गावांतल्या हजारो लोकांत ती एका टायपिस्टला दिसली. त्यानं ती फेब्रुवारीत कळवली होती. तेव्हा साफ करायला एक दुपार पुरली असती, घाई कोणालाच नसती, आणि डिस्कवर जागाही होती.

आमोस मागून आला तेव्हा यारोननं कागदावर हात ठेवला.

“काय म्हणतो म्हातारा?”

“त्याची पानं गेली.”

“हल्ल्यात?”

यारोननं कागद पाकिटात सरकवला.

“हल्ल्यातच,” आमोस म्हणाला. तो तसा दुष्ट नव्हता, फेब्रुवारीतलं पाकीट तर विसरूनही गेला होता. “लिहून टाक तसं. हॅकर आले, दिलगीर आहोत. खोटं काय त्यात?”

“अहवालात शून्य लिहिलंय.”

“शून्यच आहे. तो फोल्डर बघायला कोण येत होतं, आकडे काढलेस? एक माणूस. महिन्यातून एकदा.” त्यानं यारोनच्या खांद्यावर थाप मारली. “उलट मराठीत लिही. खूश होईल.”

पत्र हिब्रूतच तयार झालं. चार ओळी, खाली शिक्का. टपालात टाकण्याऐवजी यारोननं ते खिशात घातलं आणि गुरुवारची रजा टाकली. बेर शेवाला बस बदलून तो दक्षिणेला निघाला. तासाभरानं झाडं संपली, मग गवत संपलं. मित्स्पे रामोनला उतरला तेव्हा दोन रानबोकड रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि बसवाला त्यांच्यासाठी भोंगा न वाजवता थांबला होता.

केंद्रातल्या बाईनं मानेनंच खोली दाखवली. ग्रंथालयाच्या शेजारी, तीन कॉम्प्युटर. खिडकीजवळच्या मशीनसमोर एक सडसडीत म्हातारा ताठ बसला होता, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्या पाठीवर बायकांची राखाडी शाल होती. मशीन बंद होतं.

“बेझालेल अंकल?”

म्हाताऱ्यानं मान वळवली. मराठी ऐकून तो उठलाच. “अरे ये, ये. कोणाचा तू?”

“यारोन थळकर. लोदहून.”

“थळकर. थळचे की अलिबागचे? आजाचं नाव काय?”

“मिखाएल.”

“रेल्वेतला मिखाएल? नाही, तो पेणकर.” त्यानं बोटांवर काहीतरी जुळवून पाहिलं आणि सोडून दिलं. “बस. त्या खुर्चीवर नको, ही घे. चहा आणलाय, गवती चहा घातलाय. इथल्या बाल्कनीत येतो, मरत नाही मेला.” थर्मासच्या झाकणात त्यानं चहा ओतला. “कॉम्प्युटरचं काम करतोस? की अजून कोणाच्या मयताला आलास?”

“ऑफिसातून आलो,” यारोन म्हणाला. “तुमचं पत्र.”

बेझालेलचा हात थर्मासवर थांबला. मग त्यानं बूच नीट फिरवून घट्ट बसवलं.

“ऑफिसात आपला माणूस आहे,” तो म्हणाला. “मला कोणी सांगितलं नाही.”

यारोननं खिशातलं पत्र काढून दिलं. म्हाताऱ्यानं ते बघितलं, खालचा शिक्का बघितला आणि परत केलं. “हिब्रू मला वाचायला प्रार्थनेपुरती. तू सांग.”

यारोन सांगू लागला. आपली मराठी किती तुटकी आहे हे त्याला त्या खोलीत नव्यानं ऐकू आलं. “ऑफिस म्हणते की... बाहेरचे लोक आले. वाईट लोक. कॉम्प्युटरमधून. त्यांनी साइटला... खराब केलं. त्यात तुमचे कागद गेले. ऑफिसला वाईट वाटते.”

“हं,” बेझालेल म्हणाला. पायाशी ठेवलेल्या पिशवीतून त्यानं प्लास्टिकचा फोल्डर काढला. आत सहा छापील पानं होती. ती त्यानं टेबलावर एकाखाली एक मांडली, कडा जुळवून. “ही एवढी आहेत. दर रोश होदेशला, नवा महिना लागला की, मी एक पान छापून घ्यायचो. घरी न्यायचो, आंघोळ करायचो आणि वाचायचो. महिन्याला एक. एकसष्ट पानं, पाच वर्षांचं रेशन. व्हायोलेट म्हणायची, तू हावरट आहेस, जेवणसुद्धा उभ्यानं संपवतोस. म्हटलं, हे तरी पुरवून खाईन.”

“पण तुम्हीच टाइप केलं,” यारोन म्हणाला. त्याच्या आवाजात आशा होती, आणि ती त्याची त्यालाच शरमेची वाटली. “तुम्हाला आठवेल. परत टाइप... मी मदत करते. करतो.”

म्हातारा पहिल्यांदा हसला. हसला म्हणजे नाकातून हवा सोडली.

“तू टायपिस्ट बघितलेला नाहीस. सतरा वर्षं वकील बोलायचा, खून, घटस्फोट, काय काय. संध्याकाळी विचारलंस, आज काय टाइप केलं, तर मला सांगता यायचं नाही. कानातून बोटात. मध्ये थांबत नाही काही. थांबलं की चूक होते.” त्यानं आपली बोटं बघितली. “ती इथं बसायची, शाल घेऊन. खोकायची, बोलायची. मी टाइप करायचो. एका पानाला, त्रेचाळिसाव्या, ती थांबली. म्हणाली, हे तुझ्याबद्दल आहे, आता ऐकू नकोस, मागनं वाच. आणि हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली. मी ऐकलं नाही. आतासुद्धा मला ते हसणं ऐकू येतं, शब्द एक नाही.”

यारोनच्या हातात चहाचं झाकण होतं. ते ठेवायला त्याला टेबलावर जागा सापडेना. पानांवर ठेवणं शक्य नव्हतं.

बेझालेलनं तिसरं पान त्याच्याकडे सरकवलं. त्यावर वरून खालपर्यंत काळी मराठी आणि तळाला, समासाबाहेर लोंबणारी, ती ओळ. “हे बघ. फेब्रुवारीत दिसली. मग मी बाकी सगळ्या पानांचे तळ तपासले. वरचा मजकूर दिसू नये म्हणून वहीचा पुठ्ठा स्क्रीनवर धरायचो. सगळीकडे तीच. ही घातली तुझ्या वाईट लोकांनी, मला मान्य आहे. तरी माझी पानं जाग्यावर होती. मार्चात होती, एप्रिलात होती, मेच्या रोश होदेशला होती. वाईट लोकांचं माझ्या पानांशी काही वाकडं नव्हतं. त्यांनी एक ओळ घातली आणि गेले. मग पुसलं कोणी?”

खिडकीबाहेर कुंपणाशी एक बोकड येऊन उभा राहिला होता. यारोननं त्याच्याकडे बघितलं, कारण तो तरी काही विचारत नव्हता. मग त्यानं शर्टाच्या आतल्या खिशातून दुसरं पाकीट काढलं, जे दाखवायचं नाही असं तो बेर शेवापर्यंत स्वतःला बजावत आला होता, आणि सहा पानांच्या शेजारी ठेवलं.

बेझालेलनं आपलं अक्षर ओळखलं. दोन्ही कागद बाहेर काढले. पहिला बाजूला ठेवला. दुसऱ्याच्या घडीवरून त्यानं अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आणि कागद उजेडात तिरका धरला. सतरा वर्षं वकिलांच्या टेबलांवरचे कागद बघितलेल्या माणसाला घडीवरून कळतं.

“हा दोनदा उघडलाय फार तर,” तो म्हणाला. “आणि आत्ता आत्ता. घडी कोरी आहे.”

“अंकल, मला...” यारोनला शब्द मिळेना. हिब्रूत मिळाला, पण तो त्यानं गिळला. “मला वाचता येत नाही. मराठी. मी सांगितलं नाही त्यांना. लाज वाटली.”

“आणि प्रेमळ शब्द?”

यारोननं मान खाली घातली.

म्हातारा रागावला नाही. रागावला असता तर सोपं गेलं असतं. त्यानं सहा पानं गोळा केली, ठोकून सरळ केली, फोल्डरात घातली. पहिल्या पत्राचे दोन कागदही त्यांच्या मागे घातले. मग मशीन सुरू केलं. ते सुरू होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसला. मराठीचा फॉन्ट लावला, कोरं पान उघडलं आणि दहाही बोटं कळांवर टेकवली.

“बोल,” तो म्हणाला.

“काय?”

“तुमच्या ऑफिसचं उत्तर. मराठीत पाहिजे मला. तू सांग, मी टाइप करतो. छापून देतो, तू शिक्का मारून आण.” आणि यारोनच्या तोंडाकडे न बघता, स्क्रीनकडे बघत, “काळजी करू नकोस. या वेळी ऐकणार आहे.”

त्यानं वरची ओळ स्वतःच टाइप केली. कळा सपासप पडल्या. “‘प्रति, श्री. बेझालेल वाक्रुळकर.’ हे झालं. पुढे?”

यारोननं खुर्ची पुढे ओढली. “तुमचं पत्र...”

“तुमचं पत्र.”

“तुमचं पत्र फेब्रुवारीत मिळालं. ते... वाचलं नाही.”

कळा पडल्या. “वाचलं नाही. पुढे.”

“तुमची पानं हॅकरनं...” यारोन थांबला. बोटंही थांबली, कळांच्या वर, अधांतरी. “ते काढ. काढा. तुमची पानं ऑफिसात पुसली. ती काय आहेत ते न बघता.”

“न बघता,” बेझालेल पुटपुटला आणि टाइप केलं. मग त्यानं कर्सर खाली नेला, आणखी खाली, पानाच्या पार तळाशी, जिथं सही येते तिथं. बाजूच्या खुर्चीवरची शाल सरकली होती. ती त्यानं डाव्या हातानं वर ओढली, उजवा कळांवर तसाच ठेवून.

“मागच्या उत्तराच्या तळाला नुसता शिक्का होता,” तो म्हणाला. “मी शिक्का टाइप करत नाही, माणसाचं नाव टाइप करतो. आता सांग, ऑफिसात पुसली म्हणजे कोणी पुसली? इथं नाव कोणाचं घालू?”